पोचे नसलेली जागा

"मग असं करा वहिनी, मलाच बाहेर काढा आणि त्या गाडीला घरात घ्या. माझी खोली द्या तिला, पंखा द्या, सकाळचा चहा द्या. मी झोपतो रस्त्यावर!"

धाकट्या दिराचा आवाज एवढा चढला होता की समोरच्या न्हाव्याने हातातली कात्री तशीच धरून दुकानाबाहेर मान काढली.

"ओरडून गाडी हलत नाही भावजी," ती म्हणाली. तिच्या हातातली वाकडी सळई एका गिऱ्हाइकाच्या गाडीच्या दारात आतून खुपसलेली होती आणि डोळे बाहेरच्या पत्र्यावर होते. "ढकलावी लागते. आणि ढकलायला मी देणार नाही. तेव्हा घसा जपा."

"गाडी आहे की घरजावई?" जाऊबाई उंबऱ्यात मटार सोलत बसल्या होत्या, तिथून म्हणाल्या. "येऊन बसली ती बसलीच. तिला झाकायचं, तिला पुसायचं, तिच्यासमोर मोठ्याने बोलायचं नाही. सासूबाईंची एवढी उठबस केली असती तर त्या अजून दहा वर्षं जगल्या असत्या."

"तू मटार सोल."

"सोलतेच आहे ताई. तोंड काही मटार सोलत नाही, ते मोकळं आहे."

भांडणाला कारण होतं आणि ते रस्त्यावर ओळीने उभं होतं. चार दिवसांपूर्वी गावावर गारा पडल्या होत्या. फार मोठ्या नाहीत, बोराएवढ्या. पण गाड्यांच्या पत्र्याला तेवढ्याही पुरतात. गावातल्या निम्म्या गाड्यांना देवी आल्यासारखे वण उठले होते आणि त्या सगळ्या या एका शेडच्या दारात येऊन थांबल्या होत्या. कारण पत्र्याचा रंग न उडवता पोचा काढणारं हे एकच गॅरेज होतं. शेडमध्ये तीन गाड्यांची जागा. त्यातली एक जागा, सगळ्यात आतली, चांगल्या उजेडाची, त्या गाडीने अडवलेली. वर जाड कापड घातलेलं. तिच्याकडे कुणी बघायचं नाही असा अलिखित नियम होता, आणि दिराने तो आज पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने मोडला होता.

"दोन गाड्या उन्हात, दोन न्हाव्याच्या दारात," तो आता समजावणीच्या सुरात आला. "परत आभाळ आलं तर? लोकांच्या गाड्या आपल्या भरवशावर उभ्या आहेत. दादा असता तर त्यानेच—"

"दादा नाही," ती म्हणाली.

तिथे बोलणं थांबलं. नेहमी तिथेच थांबायचं.

गल्लीत तिला पोचेबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं आणि राग नव्हता. लग्न होऊन आली तेव्हा तिला मोटारीचं दार कुठल्या बाजूला उघडतं इथपासून शिकायचं होतं. नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. त्याला लाइट धरायला माणूस हवा असे आणि माणूस टिकत नसे, कारण तो हू की चू करू देत नसे. मग हीच धरू लागली. पांढऱ्या फळीवर काळ्या पट्ट्या, मागे ट्यूब. ती फळी पत्र्यासमोर अशी धरायची की पट्ट्यांची प्रतिबिंबं पत्र्यावर पडली पाहिजेत. पत्रा सपाट असेल तर पट्ट्या सरळ. जिथे पोचा असेल तिथे पट्टी वाकणार, डोळ्यासारखी गोल होणार. मिस्त्री आतून सळई घालून त्या डोळ्याच्या बरोबर पाठीमागे टोक टेकवायचा आणि अगदी हळू, बाळाच्या पाठीवर थोपटावं तसं, पत्रा बाहेर लोटायचा. जोर केला तर बाहेरून टेंगूळ येतं आणि मग ते आयुष्यभर जात नाही. "पत्र्याला त्याची जागा आठवते," तो म्हणायचा. "आपण फक्त आठवण करून द्यायची."

तिने बरीच वर्षं लाइट धरला. धरता धरता डोळा तयार झाला. तो गेल्यावर गिऱ्हाइकांच्या गाड्या अर्धवट राहिल्या होत्या, तेव्हा एका सकाळी तिने दिराच्या हातात फळी दिली आणि स्वतः सळई उचलली. दिराला रंगकाम आणि काचा येत होत्या, पोचे येत नव्हते. पहिली गाडी द्यायला गेली तेव्हा गिऱ्हाईक बॉनेटवर हात फिरवत म्हणालं, "मिस्त्री नाहीत असं वाटतच नाही." तिला ते शब्द बरेच दिवस पुरले.

मिस्त्री गेला त्या दुपारी गाडी भूगोलाच्या बाईंची होती. शाळेत शिकवणाऱ्या, बिनलग्नाच्या, एकट्या. गाडीवर त्यांचा फार जीव. दिराने आदल्या दिवशी तिला नवा रंग दिला होता आणि वाळायला म्हणून ती रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत उभी होती. आभाळ भरून आलं ते हिरवट काळं, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखं. पहिल्या गारा पडल्या, साबुदाण्याएवढ्या, तेव्हा सगळे दारात उभे राहून हसत होते. मुलगी लहान होती, बारकी म्हणत तिला, ती अंगणात उडणाऱ्या गारा बघून टाळ्या पिटत होती. मिस्त्री मात्र हसत नव्हता. दुसऱ्या माणसाला गारा दिसत होत्या, त्याला पुढचे पोचे दिसत होते. एकेक टप्प आवाजासरशी त्याचा चेहरा असा होत होता की कुणी त्यालाच चिमटा काढतंय.

मग गारा थांबल्या. वारासुद्धा पडला. पन्हळीतून पाणी गळत होतं, बाकी शांत.

"थांबल्या," तो म्हणाला. घरातल्या दोन दुलया त्याने खाटेवरून ओढल्या, काखेत मारल्या आणि रस्ता ओलांडला.

गार पडताना कुठलाही शहाणा माणूस डोकं वाचवतो. हे फक्त पत्र्याच्या माणसालाच सुचू शकतं. त्याने एक दुलई टपावर टाकली, दुसरी बॉनेटवर, आणि तेवढ्यात आभाळ फुटलं. आता साबुदाण्याएवढ्या नव्हत्या. मुठीएवढ्या होत्या, काही त्याहून मोठ्या, खडबडीत, काटेरी. वाऱ्याने टपावरची दुलई उडाली ती सरळ कुंपणात गेली. दुसरी उडू नये म्हणून तो बॉनेटवर पालथा झाला, दोन्ही हात पसरून. गाडीखाली शिरता आलं असतं. दार उघडून आत बसता आलं असतं. ती दारातून ओरडत होती, पण पत्र्यावरच्या त्या आवाजात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. दिराने तिला मागून कमरेला धरून ठेवलं होतं. त्या धरून ठेवण्याबद्दल ती त्याला कधी बोलली नाही, चांगलंही नाही, वाईटही नाही.

आटोपलं तेव्हा रस्ता पांढरा होता आणि गटारं पानांनी नि बर्फाने तुंबली होती. त्याला उचललं, दुलई काढली. गाडीची पुढची काच चाळणी झाली होती, टपावर बोट ठेवायला सपाट जागा नव्हती. फक्त बॉनेटवर मधोमध एक माणूस होता. दोन खांदे, पसरलेले हात, एका बाजूला कललेलं डोकं. तिथे एकही पोचा नव्हता.

भूगोलाच्या बाई भेटायला आल्या. अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना जमत नव्हतं. पाण्याचा पेला हातात धरून त्या एकदम गार कशी तयार होते ते सांगू लागल्या. जाऊबाईंनी डोळे वटारले. पण ती ऐकत राहिली. त्या सगळ्या दिवसांत तिला कळेल असं बोलणारं तेच एक माणूस आलं होतं.

"ढगात खालून वर वारा चढत असतो," बाई म्हणाल्या. "तो थेंबाला पडूच देत नाही. वर वर नेतो. तिथे थेंब थिजतो, त्याचा दाणा होतो. आसपास पाण्याचे बारीक थेंब असतात, गोठायला पाहिजेत इतके थंड, पण तरीही पाणीच राहिलेले. टेकायला काही मिळालं नाही म्हणून. दाण्याला टेकले की गोठले. पटकन गोठले तर दुधासारखा थर, सावकाश गोठले तर काचेसारखा. थरावर थर चढतात. कापून बघितली तर कांद्यासारखी दिसते. वारा जेवढा जोराचा तेवढा वेळ तिला धरून ठेवतो, तेवढी ती वाढते. मग वाऱ्यालाही पेलेनाशी होते."

"मधे थांबल्या होत्या," ती म्हणाली. "का थांबल्या होत्या?"

बाईंनी पेला खाली ठेवला. "थांबल्या नव्हत्या. मोठं वादळ म्हणजे एक ढग नसतो, एकामागे एक असतात. एक पुढे सरकला, दुसरा यायचा होता. आपल्याला उघडीप वाटते. ती उघडीप नसते."

एवढं बोलून बाई तोंडाला पदर लावून रडल्या. गाडी त्यांनी परत नेली नाही. मला त्या गाडीतून शाळेत जाता येणार नाही, म्हणाल्या. विका, मोडा, काहीही करा. तिने काहीच केलं नाही. शेडमध्ये आत नेऊन झाकली.

ती उघडीप नव्हती. हे वाक्य तिच्या डोक्यात राहायला आलं ते कायमचंच. सगळं शांत असलं की तिला जास्त भीती वाटे. मुलगी वेळेवर घरी आली, दूध उतू गेलं नाही, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, की तिचे कान वर लागायचे. आणि रोज संध्याकाळी काम आवरलं की ती त्या गाडीवरचं कापड कमरेपर्यंत मागे सारी, फळी हातात घेई आणि लाइट लावी. बॉनेटभर पट्ट्या वेड्यावाकड्या, शेकडो डोळे उघडे. आणि मधेच त्या सरळ होत. खांद्यावरून सरळ जात, दंडावरून, पाठीवरून. ती हात लावत नसे. नुसती बघे, मग लाइट बंद करून स्वयंपाकघरात जाई आणि विचारी, "भाजी कुठली केलीस?"

पोचे काढले तर गाडी सुंदर होईल हे दिराला कळत होतं. पोचे काढले तर तो जाईल, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चारही बाजूंनी गारांचा मार होता म्हणून तो दिसत होता. सगळंच सपाट केलं की कुठे शोधायचा?

भांडणाच्या त्या संध्याकाळी तिने कापड सारलं, लाइट धरला, आणि हात तसाच राहिला.

डाव्या खांद्याच्या बाहेर एक मोठा पोचा होता, कबुतराच्या अंड्याएवढा. तिला तो स्वतःच्या दातासारखा माहीत होता. तो नव्हता. पट्टी सरळ गेली होती. त्याच्या शेजारचा बारकाही नव्हता.

पोचे आपोआप जात नाहीत. तिने बोटाने चाचपलं. काम स्वच्छ होतं, पण थोडं भित्रं. पत्रा एका दमात न उठवता थांबत थांबत उठवलेला.

"भावजी, गाडीला हात लावलात?"

"मी? मला पोचा काढता आला असता तर तुमची बोलणी खात बसलो असतो का?" दीर म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून जरा चपापला. "शप्पथ वहिनी. काय झालं?"

"काही नाही."

दुसऱ्या संध्याकाळी उजव्या खांद्याची कडा पुढे सरकली होती. तिसऱ्या संध्याकाळी दंड रुंद झाला. तिला आधी घाम फुटला. मग, हे तिने स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नसतं, तिला बरं वाटू लागलं. तो भरत होता. आजारातून उठलेला माणूस अंगाने भरतो तसा. दिवसा काम करताना तिला आतल्या बाजूने टक टक ऐकू येई, सळईचं टोक पत्र्याला टेकल्याची, मिस्त्रीच्याच हाताची चाल. वळून बघावं तर कापड जागेवर, कुणी नाही. ती कापडाला म्हणाली, "जरा दमानं." आणि मग इकडेतिकडे बघून पदराने तोंड पुसलं.

"ताई एकट्याच हसतात हल्ली," जाऊबाई नवऱ्याला म्हणाल्या. "लक्षण बरं नाही. ओरडतात तेच बरं वाटतं बाई मला."

आठवड्याच्या शेवटी दुपारी परत आभाळ आलं. तोच रंग, जुन्या तांब्याचा. न्हाव्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. तिने हातातलं काम टाकलं आणि सगळ्यांना आत लोटलं. "खिडकीपाशी नको, काचेपाशी कुणी नको. मधल्या खोलीत बसा."

"रस्त्यावर चार गाड्या आहेत वहिनी—"

"असू देत."

पहिली गार अंगणात आपटून कमरेइतकी उडाली. मग पत्र्यावर कुणीतरी खडीची गाडी उपडी केल्यासारखा आवाज सुरू झाला. दिराने जाऊबाईंना खिडकीपासून ओढलं, त्याच क्षणी काच खळ्ळकन आत आली.

"बारकी कुठे आहे?" ती ओरडली.

कुणालाच माहीत नव्हतं. बारकी आता बारकी नव्हती. आईपेक्षा वीतभर उंच, रुंद खांद्याची, कॉलेजातून आली की कुठेतरी गायब होणारी. आई मागच्या दाराने शेडमध्ये धावली. पत्र्याच्या त्या गदारोळातही तिला एक दुसरा आवाज ऐकू आला. टक. टक. आतून.

गाडीवरचं कापड खाली पडलं होतं. बॉनेट उघडं होतं आणि त्याच्या खाली मुलगी वाकली होती, हातात सळई, समोर फळी वायरच्या आकड्याला टांगलेली.

आईच्या मनातला माणूस एवढ्या दिवसांत जेवढा भरला होता तेवढा सगळा एका झटक्यात ओसरला.

"तू?"

मुलगी दचकली. सळई खाली पडली. "ओरडू नकोस आई. रात्री तुम्ही झोपलात की करते थोडं थोडं. एकही टेंगूळ आलेलं नाही. बघ हवं तर."

"या गाडीला हात लावायचा नाही हे तुला—"

"मग कुठल्या गाडीला लावू? गिऱ्हाइकाच्या गाडीला लावू देत नाहीस, कॉलेज शिक म्हणतेस. कॉलेजात पोचे काढायला शिकवत नाहीत." आवाजावर मात करायला दोघी कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या. "आणि मला तिथे आता मावता येत नव्हतं."

"कुठे?"

मुलीने बॉनेट खाली आणलं. मान खाली घातली. "लहान असताना तू कामात असलीस की मी कापडाखाली शिरायचे. बाबांच्या जागेत झोपायचे. बरोब्बर मधे. तेव्हा चहूबाजूंनी जागा उरायची. आता खांदे बाहेर जातात, पोचे टोचतात. म्हणून म्हटलं, थोडी कड सारावी."

आईने बॉनेटकडे बघितलं. खांदे, दंड, पाठ. ज्याला ती इतके दिवस भरताना बघत होती, ती तिच्या मुलीची मापं होती.

तेवढ्यात आवाज थांबला.

एकदम थांबला. पन्हळीतून पाणी गळू लागलं. वारा पडला. रस्त्यावरच्या एका गाडीचा भोंगा आपोआप वाजत होता, तोही बंद झाला.

"थांबल्या," मुलगी म्हणाली. त्याच आवाजात, तोच शब्द. खाली पडलेलं जाड कापड तिने एका हाताने गोळा केलं, काखेत मारलं आणि ती दाराकडे निघाली. "डॉक्टरांच्या गाडीचा रंग नवीन आहे आई, दोन मिनिटांत झाकून—"

आईने तिला पुढून धरलं नाही, कारण पुढे जायला वेळ नव्हता. तिने कापड धरलं. मुलगी ओढत होती, ही ओढत होती, आणि मुलीच्या अंगात जोर जास्त होता. कापड हातातून सुटतंय असं वाटलं तेव्हा तिने मुलीची वेणी पकडली आणि सगळं वजन टाकून खाली बसली. दोघी ऑइलच्या डागांवर आदळल्या.

"वेडी झालीस का? सोड! थांबलंय बघ की!"

"थांबलेलं नाही," आई म्हणाली. "थांबलेलं नाही. बस. खाली बस."

"दुखतंय मला!"

"दुखू दे."

मुलगी उठायला धडपडली, आणि दाराबाहेर, जिथे ती एव्हाना असती, तिथे एक गार पडून फुटली. आतून थर दिसले, दुधाचा, काचेचा, दुधाचा. मग दुसरी. मग रस्ताच दिसेना. शेडच्या पत्र्याला एका जागी भोक पडलं आणि मुठीएवढा बर्फाचा गोळा फळीवर येऊन ट्यूब फोडून गेला. मुलीने ओढणं सोडलं. ती आईच्या मांडीत डोकं खुपसून बसली आणि आईने तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, तळवे उताणे, जणू छप्पर गेलं तर तेवढ्याने काही होणार होतं.

संपलं तेव्हा दीर आणि जाऊबाई बर्फ तुडवत मागच्या दाराने आले. जाऊबाईंच्या गालावर काचेचा ओरखडा होता, तरी तोंड चालू होतं. "अहो, डॉक्टरांची गाडी बघवत नाही. चारही गाड्या गेल्या. गिऱ्हाइकांना काय सांगायचं आता? आणि तुम्ही दोघी जमिनीवर काय बसलात? लागलं का? वेणी कुणी सोडली हिची?"

दिराने उघड्या पडलेल्या बॉनेटकडे बघितलं, खाली पडलेल्या सळईकडे बघितलं, पुतणीकडे बघितलं. "वहिनी," एवढंच म्हणाला.

ती उठली. लुगड्याला लागलेलं ऑइल हाताने पुसायला गेली, ते आणखी पसरलं. मग तिने मुलीच्या काखेत अजूनही असलेलं कापड काढून घेतलं आणि कोपऱ्यात टाकलं.

"उद्यापासून बाईंच्या गाडीचे पोचे काढायचे," ती म्हणाली. "सगळे. एकही ठेवायचा नाही. सळई ही धरेल, मी शेजारी उभी राहून शिकवेन. झाले की बाईंना कळवायचं, गाडी नको म्हणाल्या तर विकून टाकायची, त्या जागेत गिऱ्हाइकाची गाडी येईल. आणि आभाळ आलं की या घरातलं कुणीही कुणाचीही गाडी झाकायला दाराबाहेर जाणार नाही. गाडी ठेवायला येईल त्याला हे आधीच सांगायचं. पटलं तर ठेवेल, नाहीतर दुसरीकडे नेईल."